पात्याच्या मुळाशी एक बिजागरी

हेलिकॉप्टर म्हटलं की सगळे इंजिनाचं कौतुक करतात. मला विचाराल तर खरी हिरो एक बिजागरी आहे. हो, दाराला असते तशीच!

स्पेनचा हुआन दे ला सिएर्वा ऑटोजायरो बनवत होता. त्यात डोक्यावरचा पंखा इंजिन नाही, वारा फिरवतो. पण त्याची पहिली यंत्रं एका बाजूला कलंडायची. का? यंत्र पुढे निघालं की एक पातं वाऱ्यावर चाल करून जातं, त्याला जास्त उचल मिळते. मागे येणाऱ्याला कमी. गंमत म्हणजे छोटं मॉडेल मस्त उडायचं, कारण त्याची पाती वेताची, लवचीक होती!

मग मोठ्या पात्यांना मुळाशी बिजागरी लागली. उचल वाढली की पातं वर जातं, वर जाताना वाऱ्याशी त्याचा कोन घटतो, उचल आपोआप उतरते. जानेवारी १९२३ मध्ये माद्रिदजवळ गेताफेला त्याचं 'सी-४' नीट उडालं.

हेलिकॉप्टरमध्ये पुढे स्वॉशप्लेट आली. पायलटने दांडा ढकलला की ही तबकडी कलते आणि प्रत्येक पात्याचा कोन दर फेरीत कमी-जास्त होतो.

सिएर्वा १९३६ मध्ये लंडनजवळ क्रॉयडनला गेला, तोही साध्या प्रवासी विमानाच्या अपघातात.