बारशाच्या फोटोत दादा-ताईलाही घ्या. पण ही काळजी हवी

बाळ घरी आलं की सगळ्यांचे मोबाईल पाळण्याकडे वळतात. दोन-तीन वर्षांच्या मोठ्या भावंडाला मात्र ‘बाजूला हो’ एवढंच ऐकायला मिळतं. मग रुसणं, बाळाला चिमटे काढणं सुरू होतं. त्यालाही फोटोत घेतलं, तर बाळ आपलंही आहे असं त्याला वाटू लागतं.

फोटो काढताना हे लक्षात ठेवा :

- बाळ साधारण ३-४ महिन्यांनी मान धरतं. तोवर लहान मुलाला उभ्याने बाळ उचलू देऊ नका.
- जमिनीवर गोधडी अंथरा. बाळाला उताणं ठेवून शेजारी दादा किंवा ताईला झोपवा.
- मांडीवर द्यायचंच असेल तर मुलाला खाली भिंतीला टेकून बसवा. बाळाच्या मानेखाली मोठ्या माणसाचा हात हवाच.
- आधी साबणाने हात धुवा. सर्दी, खोकला, ताप असेल तर फोटो पुढे ढकला. तोंडाचा पापा नको.
- दूध पिऊन, ढेकर काढून बाळ झोपलं की दारा-खिडकीच्या उजेडात फोटो घ्या. फ्लॅश लागत नाही.

मोठं मूल नको म्हणालं तर जबरदस्ती नको. पाळण्याची दोरी त्याच्या हातात द्या आणि तो फोटो काढा.