जठराच्या स्वयंप्रतिकार विकारातील रक्तचाचण्या

प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच जठरातील पॅरायटल पेशींवर उलटली आहे का, हे रक्तावरून ताडण्याच्या चाचण्या. या पेशी आम्ल स्रवतात, तसेच ब१२ जीवनसत्त्व आतड्यात शोषले जाण्यासाठी लागणारे ‘इन्ट्रिन्सिक फॅक्टर’ हे प्रथिनही. पेशी नष्ट होऊ लागल्या की बहुधा आधी लोह कमी पडते, पुढे ब१२. त्यातून पर्निशियस ॲनिमिया होतो. टॉमस ॲडिसन यांनी १८४९ मध्ये लंडनला त्याचे वर्णन केले. दोष जठरात आहे हे विल्यम कॅसल यांच्या १९२९ च्या प्रयोगांतून दिसले.

मुख्य चाचण्या दोन प्रतिपिंडांच्या. पॅरायटल पेशींविरुद्धची प्रतिपिंडे पर्निशियस ॲनिमियाच्या बहुतेक रुग्णांत सापडतात, पण थायरॉइडच्या स्वयंप्रतिकार विकारात आणि काही निरोगी माणसांतही आढळतात. एकट्या त्यांच्यावर निदान ठरवू नये. इन्ट्रिन्सिक फॅक्टरविरुद्धची प्रतिपिंडे सुमारे निम्म्याच रुग्णांत मिळतात, मात्र मिळाली तर निदान जवळजवळ पक्के. म्हणून ‘निगेटिव्ह’ अहवालाने आजार नाही असे सिद्ध होत नाही. रक्त ब१२ चे इंजेक्शन घेण्यापूर्वी द्यावे, कारण नंतर काही पद्धतींत निकाल चुकतो. उलट, हीच प्रतिपिंडे कधी ब१२ च्या मोजणीत अडथळा आणतात आणि कमतरता असूनही आकडा ठीक दिसतो. लक्षणे स्पष्ट असतील तर अशा वेळी ब१२ कमी पडल्यावर रक्तात वाढणारी मिथिलमॅलोनिक आम्ल व होमोसिस्टीन ही द्रव्ये तपासावीत.

आम्ल घटल्याने रक्तातील गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढते, तर जठरातच बनणारे पेप्सिनोजेन-१ हे प्रथिन उतरते. आम्लपित्तावरच्या ओमेप्रेझॉलसारख्या गोळ्यांनीही गॅस्ट्रिन चढते, हे अहवाल वाचताना ध्यानात हवे. अंतिम खात्री दुर्बिणीतून घेतलेल्या बायोप्सीनेच होते.

महाराष्ट्रात ब१२ ची कमतरता सर्रास आढळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी ती अभ्यासली आहे. शाकाहार हे तिचे मोठे कारण खरेच; पण त्यामुळे प्रत्येक कमी आकड्याचे खापर जेवणावर फुटते आणि जठराकडे पाहिलेच जात नाही. नियमित मांसाहार करणाऱ्यात कमतरता निघाली, किंवा थायरॉइडचा स्वयंप्रतिकार विकार, कोड अथवा टाइप-१ मधुमेह सोबत असला, तर प्रतिपिंडे तपासून घ्यावीत. ब१२ न देता नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या तर हिमोग्लोबिन सुधारते, पण मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहते; पायांच्या मुंग्या आणि तोल जाणे वाढत जाते. निदान पक्के झाल्यास ब१२ जन्मभर घ्यावे लागते.