नाजूक हिरड्यांसाठी विजेवरचा ब्रश निवडताना

सकाळी बेसिनमध्ये टाकलेला फेस लालसर दिसला की बहुतेकजण दुसऱ्या दिवसापासून त्या जागी ब्रश फिरवणेच टाळतात. हिरड्या नाजूक आहेत, त्यांना त्रास नको, असा त्यामागचा समज. प्रत्यक्षात घडते ते उलटेच. दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर साचलेला जिवाणूंचा चिकट थर निघत नाही, त्यामुळे हिरडी सुजते आणि सुजलेल्या हिरडीतून रक्त येते. जागा वगळली की थर वाढतो आणि रक्तही वाढते.

‘नाजूक हिरड्या’ या नावाखाली आणखी एक तक्रार येते, तिची जात मात्र वेगळी आहे. येथे हिरडी दातावरून खाली सरकलेली असते आणि उघड्या पडलेल्या मुळाला गार पाणी लागताच कळ येते. हिरड्यांचा जुना आजार हे याचे एक कारण. कडक ब्रश, मनगटाचा जोर आणि खरखरीत दंतमंजन किंवा मशेरी वर्षानुवर्षे घासण्याची सवय हे दुसरे. पहिल्या तक्रारीत स्वच्छता कमी पडलेली असते, तर दुसरीत बहुधा जोर जास्त झालेला असतो. ब्रश विकत घेण्यापूर्वी आपली तक्रार यांतली कोणती, हे दंतवैद्याकडून समजून घेतलेले बरे.

विजेवरचा ब्रश 1954 साली स्वित्झर्लंडमध्ये ‘ब्रॉक्सोडेंट’ या नावाने आला. ज्यांच्या हातांची हालचाल मर्यादित आहे, अशा रुग्णांसाठी तो प्रथम योजला होता. संधिवाताने बोटे आखडलेल्या वृद्धांना आजही त्याचा सर्वाधिक उपयोग होतो. इतरांचे काय? ‘कॉक्रेन’ या वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या संस्थेने 2014 मध्ये काढलेला निष्कर्ष असा : साध्या ब्रशच्या तुलनेत, तीन महिन्यांहून अधिक वापरानंतर दातांवरचा थर 21 टक्के आणि हिरड्यांची सूज 11 टक्के कमी आढळली. फरक आहे, पण चमत्कार नव्हे. साधा मऊ ब्रश नीट वापरणाऱ्याने केवळ जाहिरातीवरून खर्चात पडण्याचे कारण नाही.

बाजारात प्रामुख्याने दोन प्रकार मिळतात. एकाचे डोके लहान व गोल असते आणि ते मागेपुढे गिरकी घेते. दुसऱ्याचे डोके नेहमीच्या ब्रशसारखे लांबट असून ते अतिशय वेगाने थरथरते. त्याला ‘सोनिक’ म्हणतात. गोल डोक्याची ठकठक काहींना सुरुवातीला सहन होत नाही, सोनिकची थरथर त्यांना सौम्य वाटते. हा शेवटी ज्याच्या त्याच्या तोंडाचा प्रश्न आहे.

नाजूक हिरड्यांसाठी खरी महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे : दाबाचा सेन्सर. हात जड पडताच असा ब्रश दिवा लावतो, गती कमी करतो किंवा आवाज बदलतो. जोराने घासण्याची खोड तीस-चाळीस वर्षांची असते. ती उपदेशाने जात नाही, पण दररोज दोनदा दिवा लागू लागला की हात आपसूक हलका होतो. पैसे मोजायचेच तर यासाठी मोजावेत. ब्लूटूथ, मोबाइल अॅप, पाच-सहा निरनिराळे मोड यांवाचून काही अडत नाही. दोन मिनिटांचा टायमर मात्र हवा. काही शे रुपयांत मिळणाऱ्या, सेलवर चालणाऱ्या ब्रशमध्ये हा सेन्सर सहसा नसतो आणि सेल उतरत गेले की गतीही मंदावते.

डोके ‘सॉफ्ट’ किंवा ‘एक्स्ट्रा सॉफ्ट’च घ्यावे. ते साधारण तीन महिन्यांनी, केस पिंजारले तर त्याआधीच, बदलावे लागते. म्हणून ब्रशची किंमत विचारताना सुट्या डोक्यांचीही विचारावी आणि ती आपल्या गावच्या दुकानात मिळतात का, हेही पाहावे. स्वस्तात घेतलेल्या ब्रशची डोकी मिळेनाशी होऊन मूठ तेवढी कपाटात पडून राहिल्याची उदाहरणे कमी नाहीत. पावसाळ्याच्या दमट हवेत ओल्या डोक्यावर टोपण लावू नये. ते उभे ठेवून वाळू द्यावे.

वापरताना घासायचे नसते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. पेस्ट लावून ब्रश आधी तोंडात न्यावा, मग चालू करावा. अन्यथा आरसा भरतो. केस हिरडीच्या कडेकडे किंचित तिरपे धरून प्रत्येक दातावर क्षणभर थांबावे आणि पुढे सरकावे. बोटांच्या टोकांनी धरला तर जोर आपोआप कमी लागतो. हृदयाला पेसमेकर बसवलेल्यांनी खरेदीपूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

नवा ब्रश सुरू केल्यावर पहिले काही दिवस थोडे रक्त येऊ शकते. दोन आठवडे नियमित वापर करूनही ते थांबले नाही, हिरडीतून पू आला किंवा दात हलू लागला, तर दोष ब्रशमध्ये शोधू नये. दातावर घट्ट बसलेले किटण कोणत्याही ब्रशने निघत नाही. ते दंतवैद्यालाच काढावे लागते. मधुमेह असलेल्यांनी तर दोन आठवडेही थांबू नये. बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा जवळच्या दंतवैद्याकडे हिरड्या तपासून घ्याव्यात आणि कोणता ब्रश घ्यावा, हेही तेथेच विचारावे.