होंडाला खात्री नव्हती

जुन्या होंडा सीबी७५० च्या बाजारात ‘सँडकास्ट’ या शब्दाला सोन्याचा भाव आहे. १९६९ मधल्या पहिल्या ७,४१४ गाड्यांना हे नाव पडलंय. त्यांच्या क्रँककेसचा पृष्ठभाग वाळूच्या साच्यातून काढल्यासारखा खरखरीत दिसतो, म्हणून. प्रत्यक्षात ते ओतकाम धातूच्याच साच्यात झालं होतं. नाव चुकीचं आहे, पण आता ते बदलायची कोणाचीच इच्छा नाही.

मला या गाडीच्या वेगापेक्षा त्या खरखरीतपणाचं कारण जास्त आवडतं.

चार सिलिंडर हा काही होंडाचा शोध नव्हता. हेंडरसन नावाची अमेरिकन गाडी पहिल्या महायुद्धाआधीच चार सिलिंडरची होती. रेसिंगमध्ये जिलेरा आणि एमव्ही अगुस्ता होत्या, आणि साठच्या दशकात खुद्द होंडाच्या रेसगाड्याही. पण रेसगाडीमागे मेकॅनिकांची फौज असते. रोज ऑफिसला जाणाऱ्या माणसाला तेच इंजिन द्यायचं, तर ते स्वस्त, शांत आणि कोरडं हवं. कोरडं म्हणजे तेल न गळणारं. त्या काळच्या ब्रिटिश गाडीखाली पुठ्ठा ठेवावा लागे, हा विनोद उगाच नाही झाला.

त्या ब्रिटिश गाड्यांचे क्रँककेस उभे चिरलेले असत, त्यामुळे सांधा थेट तेलात बुडालेला. होंडाने सीबी७५० चा क्रँककेस आडवा चिरला. रेसिंगमधली महागडी रोलर बेअरिंग सोडून मोटारींसारखी साधी बेअरिंग वापरली, आणि एकसंध घडवलेला क्रँकशाफ्ट घेतला. ट्रायम्फच्या ट्विनमध्ये दोन्ही पिस्टन एकत्र वर-खाली जातात आणि हात बधिर होतात. इथे बाहेरचे दोन वर गेले की आतले दोन खाली येतात. थोडी बारीक झिणझिण उरते, तेवढीच.

प्रकल्पाचे प्रमुख योशिरो हाराडा यांनी ब्रेकचे दोन पर्याय सोइचिरो होंडांपुढे ठेवले होते: नेहमीचा ड्रम आणि नवा डिस्क. होंडांनी क्षणात डिस्क निवडला. ऑक्टोबर १९६८ च्या टोकियो मोटर शोमध्ये गाडी दिसली. ७३६ सीसी, ६७ हॉर्सपॉवर, बटणस्टार्ट. अमेरिकेत किंमत १,४९५ डॉलर. त्याच वर्षी आलेल्या ब्रिटिश तीन सिलिंडर गाड्यांना किक मारावी लागत होती.

एवढं सगळं हातात असूनही कंपनीचा अंदाज होता वर्षाला १,५०० गाड्यांचा! एवढ्यासाठी डाय-कास्टिंगचे महागडे साचे कशाला बनवायचे? म्हणून क्रँककेस स्वस्त, संथ पद्धतीने ओतले. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला पायलट म्हणतात: चाललं तर नीट बांधू. मग वर्षाचा आकडा महिन्याचा झाला, पुढे महिन्याला ३,००० झाला, आणि घाईघाईने डाय-कास्टिंग आणावं लागलं. १९७८ पर्यंत चार लाखांहून जास्त गाड्या निघाल्या.

१९७० मध्ये डिक मॅनने याच गाडीवर डेटोना २०० जिंकली. बाकीच्या होंडा बाद झाल्या होत्या आणि त्याचंही इंजिन शेवटी दम सोडत होतं. जाहिरातीत अर्थातच फक्त विजय आला.

सगळ्यात मोठा धक्का कावासाकीला बसला. त्यांचीही ७५० सीसीची चार सिलिंडर गाडी तयार होत होती. सांकेतिक नाव ‘न्यूयॉर्क स्टेक’. होंडा पुढे गेल्यावर त्यांनी तीच गाडी न रेटता थांबायचं ठरवलं, आणि १९७२ मध्ये ९०३ सीसीची, दोन कॅमशाफ्टची झेड१ आणली. माझ्या मते इंजिन म्हणून झेड१ सरस आहे. उशीर झाल्याचा त्यांनी फायदा करून घेतला. पुढची साखळी वेगाने वाढली: १९७६ ला सुझुकीची जीएस७५०, १९७९ ला होंडाचे स्वतःचे दोन कॅमशाफ्ट, १९८४ ला पाण्याने थंड होणारी जीपीझेड९००आर. हवेवर थंड होणाऱ्या मोठ्या इंजिनाचे दिवस भरले.

तरी २०१० मध्ये होंडाने सीबी११०० काढली, तीही हवेवर थंड होणारी. मुद्दाम, त्या जुन्या पंख्यांसारख्या फिन्स दिसाव्यात म्हणून.

आणि आज सीबी७५० विकायला निघाली की गिऱ्हाईक आधी नंबर विचारतं. १००७४१४ च्या आतला असेल तर भाव वेगळाच.