पराभूतांचे संगीत

संपाचा इतिहास दप्तरांत सापडतो. किती दिवस काम बंद राहिले, किती माणसे परत कामावर आली, किती जणांना अटक झाली, हे सारे अहवालांत नमूद असते. ज्याचा जन्म अशा अहवालांच्या सहवासात गेला, त्या माझ्यासारख्या सरकारी नोकराला त्यांची महती ठाऊक आहे आणि उणीवही ठाऊक आहे. संप फसल्यानंतरच्या पहिल्या सकाळी माणसांच्या मनात काय होते, याचा रकाना कोणत्याच तक्त्यात नसतो. तो रकाना भरण्याचे काम पुष्कळदा गाण्याने केले आहे. अशाच एका इंग्रजी ध्वनिमुद्रिकेची हकीगत आज सांगावयाची आहे. तिचे नाव ‘फीअर अँड व्हिस्की’, म्हणजे भय आणि मद्य. १९८५ साली ती निघाली. काढणारी मंडळी स्वतःला ‘मेकॉन्स’ म्हणवीत.

ही मंडळी उत्तर इंग्लंडमधील लीड्स येथील. १९७७ साली तेथील विद्यापीठातल्या कलाशाखेच्या काही विद्यार्थ्यांनी हा वाद्यमेळ उभारला आणि ‘ईगल’ या मुलांच्या चित्रसाप्ताहिकातील एका हिरव्या, अवाढव्य डोक्याच्या खलपुरुषाचे नाव त्याला दिले. ते दिवस ‘पंक’ संगीताच्या भराचे होते. ज्याला तीन कॉर्ड वाजविता येतात त्याने खुशाल रंगमंचावर उभे राहावे, हा पंकचा जाहीरनामा. मेकॉन्सनी तो अक्षरशः मानला. त्यांच्यापैकी कित्येकांना आरंभी वाद्य धड वाजविता येत नसे. त्यातही त्यांचा विनोद जागा होता. ‘क्लॅश’ या प्रख्यात मंडळींनी दंगलीचे आवाहन करणारे गीत गायिले, तेव्हा १९७८ साली मेकॉन्सनी ‘आम्ही कधी दंगलीत नव्हतो’ अशा अर्थाचे शीर्षक देऊन आपली पहिली लहान ध्वनिमुद्रिका काढली.

परंतु नुसत्या नकारावर कला फार काळ जगत नाही. पंकचा आवेश ओसरला, आणि ही मंडळी नव्या वाटेच्या शोधात लागली. १९८३ साली त्यांनी एका ध्वनिमुद्रिकेला जॉन प्लेफर्ड याच्या १६५१ सालच्या नृत्यसंग्रहाचे नाव दिले. म्हणजे जुन्या लोकसंगीताकडे दृष्टी वळली होती. त्याच सुमारास शिकागोच्या एका रेडिओनिवेदक स्नेह्याने अमेरिकन ‘कंट्री’ संगीताच्या फिती त्यांच्याकडे धाडल्या. नभोवाणीच्या श्रोत्यांना हे वाचून संतोष वाटावा!

कंट्री संगीत हे अमेरिकेच्या दक्षिणेकडील डोंगराळ व ग्रामीण मुलुखाचे. १९२७ च्या उन्हाळ्यात टेनेसीतील ब्रिस्टल या गावी राल्फ पीअर याने कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स यांची गाणी मुद्रित केली, तेव्हापासून त्याचा बाजार वाढला. पण त्याचे एक मूळ त्याहून पुष्कळ जुने आहे. इंग्लंड-स्कॉटलंडमधून देशांतर केलेल्यांनी आपली कथागीते अॅपलेशियन डोंगरांत नेली होती. १९१६ ते १९१८ या काळात सेसिल शार्प हा इंग्रज संग्राहक तेथे जाऊन ती टिपून आला. तेव्हा लीड्सच्या पोरांनी ऐकलेले हे परके संगीत काही अंशी त्यांच्याच पूर्वजांचे होते. त्यातला आशय साधा: गेलेली नोकरी, मोडलेले घर, व्यसन, पश्चात्ताप. जात्यावर बसलेली बाई जशी आपले दुःख आडपडदा न ठेवता ओवीत घालते, तसाच हा मोकळेपणा. पंकने ‘नाही’ म्हणावयास शिकविले होते; ‘नाही’ म्हणूनही हार झाली तर जगावे कसे, हे कंट्री संगीत सांगत होते.

आणि हार समोरच उभी होती. ६ मार्च १९८४ रोजी राष्ट्रीय कोळसा मंडळाने सुमारे २० खाणी बंद करण्याचा बेत जाहीर केला; सुमारे २०,००० माणसांची रोजी त्यात जाणार होती. यॉर्कशरच्या कॉर्टनवुड खाणीपासून संपाचा वणवा पसरला. १८ जून रोजी ऑरग्रीव्ह येथे पोलीस आणि खाणकामगार यांची मोठी चकमक झाली. थॅचर सरकार हटले नाही. ३ मार्च १९८५ रोजी कामगार-प्रतिनिधींनी ९८ विरुद्ध ९१ मतांनी कामावर परतण्याचे ठरविले, तेही कोणत्याही तडजोडीवाचून. अनेक खेड्यांतील कामगार आपले झेंडे आणि बँड पुढे घालून खाणीवर परत गेले. त्या वर्षात मेकॉन्सनी संपकऱ्यांच्या मदतीसाठी कार्यक्रम केले होते.

त्या वर्षाच्या तापातून ‘फीअर अँड व्हिस्की’ आकारास आली. स्वतःच्या ‘सिन’ नावाच्या संस्थेतर्फे त्यांनी ती काढली. जॉन लँगफर्ड आणि टॉम ग्रीनहाल्श या मूळच्या सदस्यांना सुझी हनीमन हिच्या फिडलची आणि स्टीव्ह गोल्डिंग याच्या तालाची साथ मिळाली. खाली ढोलाची पंकची धांदल, वर फिडलचा लांबवलेला सूर, आणि त्यातून तोल सावरीत चाललेला, गाण्यात पटाईत नसलेला आवाज, असा तिचा घाट आहे. एका गाण्याचे नावच ‘अॅबरनंट १९८४/५’. अॅबरनंट ही दक्षिण वेल्समधील कोळशाची खाण, आणि लँगफर्डही त्याच मुलुखातला. शेवटचे गाणे लिऑन पेन याचे, १९४९ साली हँक विल्यम्सने गाजविलेले ‘लॉस्ट हायवे’. वाट चुकलेल्या माणसाचे हे अमेरिकन गीत येथे सबंध खाणमुलुखाचे होऊन बसते.

शहरी कलाविद्यार्थ्यांनी गुराख्याची टोपी घालणे हे सोंग नव्हे काय, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु सोंग घेणारा उच्चारही उसना घेतो. मेकॉन्सनी आपले उच्चार आणि आपला प्रदेश सोडला नाही. उसनी घेतली ती दुःख बोलण्याची रीत.

या ध्वनिमुद्रिकेचा खप बेताचाच झाला. १९८९ साली ‘ओरिजिनल सिन’ या नावाने ती अमेरिकेत पोहोचली. १९९० साली इलिनॉयमधील ‘अंकल टुपेलो’ यांनी ‘नो डिप्रेशन’ काढून हाच संगम स्वतंत्रपणे साधला, आणि पुढे या धाटणीला ‘ऑल्टरनेटिव्ह कंट्री’ हे नाव रूढ झाले. तिच्या आरंभीच्या कृतींत समीक्षक ‘फीअर अँड व्हिस्की’ची गणना करतात. लँगफर्ड स्वतः १९९२ साली शिकागोस स्थायिक झाला.

डिसेंबर २०१५ मध्ये यॉर्कशरमधील केलिंग्ली ही ब्रिटनची शेवटची खोल कोळसाखाण बंद पडली. संपाचे अहवाल आजही कपाटांत आहेत आणि अभ्यासकाला ते लागतीलच. पण ९८ विरुद्ध ९१ या आकड्यांमागे घराघरांत जी रात्र गेली असेल, तिची चाहूल ज्याला हवी आहे, त्याने या दहा गाण्यांसाठी तासभर राखून ठेवावा.