अठ्ठ्याहत्तर मिनिटं

जगभरच्या संगणक-बिघाडाच्या १४२ दिवस आधी : २८ फेब्रुवारी २०२४

क्राउडस्ट्राइक कंपनीने आपल्या 'फाल्कन' या सुरक्षा सॉफ्टवेअरची ७.११ ही आवृत्ती सगळ्या ग्राहकांसाठी खुली केली. विंडोजमधले प्रोग्रॅम एकमेकांशी ज्या आतल्या वाटांनी बोलतात, त्या वाटांचा गैरवापर करणारे हल्ले पकडायची सोय तीत नव्याने आली होती. या सोयीच्या आराखड्यात २१ रकाने होते. प्रत्यक्ष माहिती पुरवणारा कोड मात्र २०च रकाने भरत होता.

चाचण्यांत हे कुणाला दिसलं नाही. एकविसाव्या रकान्यात त्या वेळी 'काहीही चालेल' अशी खूण होती, त्यामुळे तो रकाना उघडून बघायची पाळीच येत नव्हती. ५ मार्चला ताणचाचणी पार पडली. एप्रिलमध्ये त्याच साच्यातले आणखी तीन नियम जगभर गेले आणि नीट चाललेही.

१९ जुलै, पहाटे सव्वातीन–साडेतीन

(सगळ्या वेळा भारतीय.) मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडचा अमेरिकेच्या मध्यभागातला 'सेंट्रल यूएस' विभाग अडखळला. एका अंतर्गत बदलामुळे तिथल्या व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) आणि त्यांच्या डिस्क यांच्यातला संपर्क तुटला होता. या बिघाडाचा पुढच्या बिघाडाशी काही संबंध नव्हता. पण सकाळी कामावर आलेल्यांच्या डोक्यात 'अझूर गेलंय' हे आधीच बसलेलं होतं, आणि त्यापायी त्या सकाळचा मौल्यवान वेळ भलतीकडे खर्च झाला.

सकाळी ९:३९

क्राउडस्ट्राइकने 'चॅनेल फाइल २९१' नव्याने पाठवली. या वेळी एकविसाव्या रकान्यात खरोखरची अट होती. फाइल तपासणाऱ्या प्रणालीतच दोष असल्याने ती पास झाली. ग्राहकांच्या यंत्रांवर सॉफ्टवेअर एकविसावा रकाना वाचायला गेलं, तो तिथे नव्हता, आणि वाचन मेमरीच्या हद्दीबाहेर गेलं. साधा प्रोग्रॅम असता तर एकटा बंद पडला असता. फाल्कन मात्र विंडोजच्या गाभ्यात, कर्नलमध्ये बसतं, म्हणून अख्खं यंत्र निळा पडदा दाखवून कोसळलं. ते परत सुरू होताना सगळ्यात आधी उठणाऱ्यांत फाल्कन असतंच. तीच फाइल पुन्हा वाचायची, पुन्हा कोसळायचं.

इथे जरा थांबायला हवं, कारण मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे. सर्व्हर सांभाळणारी माणसं पॅचिंगची वेळ देवपूजेसारखी पाळतात. शनिवारची रात्र, आधी टेस्टचे सर्व्हर, दोन दिवस वाट, मग प्रॉडक्शन. फाल्कनसाठीही अनेकांनी 'सगळ्यात ताजी आवृत्ती नको, तिच्या मागची द्या' असं ठरवून ठेवलं होतं. कंपनीने ते पाळलंही, पण फक्त मूळ सॉफ्टवेअरपुरतं. हल्ल्यांची माहिती घेऊन येणाऱ्या या छोट्या फाइलींना ते बंधन नव्हतं. त्या फाइली दिवसाच्या कुठल्याही वेळी, सगळ्यांकडे एकदम उतरत. ज्यांनी काहीच काळजी घेतली नव्हती आणि ज्यांनी डोळ्यांत तेल घालून घेतली होती, ते शुक्रवारी सकाळी एकाच रांगेत उभे होते.

९:४५ ते १०:५०

क्लाउडवरचा सर्व्हर कोसळला की पहिल्यांदा तो फक्त 'गायब' होतो. पिंग जात नाही. आरडीपी, म्हणजे दुरून लॉगिन, होत नाही. पोर्टल उघडावं तर व्हीएम समोर हिरवी, 'रनिंग'. मग फायरवॉल बघा, नेटवर्कचे नियम बघा, काल रात्री कुणी काय बदललं ते विचारा. या सगळ्या शोधात एकच जागा खरं सांगत होती : बूट डायग्नोस्टिक्स, म्हणजे त्या व्हीएमच्या पडद्याचं पोर्टलवरून दिसणारं छायाचित्र. तिथे निळा पडदा होता. ज्याने आधी ते चित्र उघडलं त्याचा तास वाचला.

दरम्यान देशभरच्या विमानतळांवर चेक-इन थांबायला लागलं. इंडिगो, अकासा, स्पाइसजेट यांची काउंटर हातकामावर आली. इंडिगोचे बोर्डिंग पास पेनाने लिहून दिले जाऊ लागले. चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला विमान धरायचं तर आधी नागपूर गाठावं लागतं. दीडशे किलोमीटर किंवा त्याहून जास्त रस्ता तुडवून निघालेल्याला, विमान उडणार की नाही, हे वाटेत सांगू शकेल असं कुणी नव्हतं.

१०:५७

क्राउडस्ट्राइकने फाइल मागे घेतली. ९:३९ पासून अठ्ठ्याहत्तर मिनिटं झाली होती. या वेळात जी विंडोज यंत्रं चालू आणि ऑनलाइन होती, त्यांतली मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख बाधित झाली; जगातल्या एकूण विंडोज यंत्रांच्या एक टक्क्याहूनही कमी. पण ती रुग्णालयांची, विमान कंपन्यांची, बँकांची यंत्रं होती.

सुधारलेली फाइल नेटवर्कवरून येणार, आणि यंत्र तर नेटवर्कपर्यंत पोचायच्या आतच कोसळतंय. मायक्रोसॉफ्टने सुचवलं की व्हीएम पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करा. काहींना त्यासाठी पंधरापर्यंत रीस्टार्ट लागले होते. कधीतरी एखाद्या क्षणाच्या फटीत नवी फाइल आधी उतरायची आणि सर्व्हर उभा राहायचा. जाणती माणसं दिवसभर हे करत बसली होती.

दुपार

ज्यांचं रीस्टार्टने भागलं नाही त्यांच्यासाठी लांबचा मार्ग होता. व्हीएम बंद करायची. तिच्या ओएस डिस्कचा स्नॅपशॉट घ्यायचा, त्यातून नवी डिस्क बनवायची, ती एखाद्या धडधाकट रेस्क्यू व्हीएमला डेटा डिस्क म्हणून जोडायची. ती तिथे बहुतेक वेळा 'एफ' ड्राइव्ह म्हणून दिसते. त्यात विंडोज, सिस्टम-३२, ड्रायव्हर्स, क्राउडस्ट्राइक असं खाली उतरत जायचं आणि नावात २९१ असलेली ती फाइल काढून टाकायची. दमलेला माणूस इथे चुकून स्वतःच्या 'सी' ड्राइव्हमध्येच हात घालू शकतो, म्हणून ड्राइव्हचं अक्षर मोठ्याने वाचणारं दुसरं माणूस शेजारी हवं. मग डिस्क सोडवायची, मूळ व्हीएमला ओएस डिस्क म्हणून लावायची, सुरू करायची. एका सर्व्हरला अर्धा तास धरला तर दोनशे सर्व्हरचे शंभर तास होतात.

डिस्कवर बिटलॉकरचं कुलूप असेल तर त्याआधी ४८ अंकी किल्ली लागते, सहा-सहा अंकांचे आठ गट. कित्येक ठिकाणी या किल्ल्या ज्या सर्व्हरवर ठेवल्या होत्या, तोही निळ्या पडद्यावरच अडकलेला. टेबलावरच्या संगणकांचं तर याहून अवघड. त्यांना स्नॅपशॉट नाही, पोर्टल नाही. माणसाने तिथे जाऊन, सेफ मोडमध्ये उठवून, हातानेच फाइल काढायची.

दुपारी ३:१५

क्राउडस्ट्राइकचे प्रमुख जॉर्ज कर्ट्झ यांनी एक्सवर जाहीर केलं : हा सायबर हल्ला नाही, बिघाड सापडला आहे, उपाय पाठवला आहे. त्या निवेदनात माफी नव्हती. ती नंतर टीव्हीवर आली. भारताच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा यंत्रणेने त्याच दिवशी सूचना काढली. रिझर्व्ह बँकेने सांगितलं की १० बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ अडथळा आला. सरकारी जाळं सांभाळणाऱ्या एनआयसीच्या नेटवर्कला झळ बसलेली नाही, असं केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव म्हणाले.

म्हणजे सरकारी जाळ्यावर चालणारं तहसीलचं काम या फटक्यातून वाचलं. वाचलं ते आपली तयारी होती म्हणून नव्हे. हे सॉफ्टवेअर त्या जाळ्याच्या वाटेत नव्हतं, एवढंच.

या बिघाडाचा उपाय गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडला लागला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न मला सोडत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणापासून दीड-पावणेदोनशे किलोमीटर. पर्लकोटा नदी फुगली की पुलावर पाणी, आणि तालुका तुटतो. दर पावसाळ्यात तुटतो. त्याच जुलैत आलापल्ली–भामरागड रस्त्यावर पुराच्या पाण्यातून एका गरोदर बाईला जेसीबीच्या बकेटमध्ये बसवून पलीकडे न्यावं लागलं होतं. तिथल्या दवाखान्यातला संगणक सेफ मोडमध्ये उठवायला नागपूरहून इंजिनिअर कधी पोचणार होता? बिघाड गडचिरोलीला आणि न्यूयॉर्कला एकाच मिनिटात पोचतो. दुरुस्ती मात्र अजून रस्त्याने येते.

२० जुलै, पहाटे ३

विमानतळांवरच्या प्रणाली पूर्ववत झाल्याचं नागरी विमान वाहतूक मंत्री राममोहन नायडू यांनी कळवलं. तोवर एकट्या इंडिगोने सुमारे दोनशे उड्डाणं रद्द केली होती. अमेरिकेत डेल्टा विमान कंपनीचं गाडं पाच दिवस रुळावर आलं नाही; तिथली रद्द उड्डाणं ७,०००च्या घरात गेली.

२९ जुलै आणि नंतर

दहा दिवसांनी क्राउडस्ट्राइकच्या ग्राहकांची सुमारे ९९ टक्के विंडोज यंत्रं परत जागेवर होती. ६ ऑगस्टला कंपनीने कारणमीमांसा प्रसिद्ध केली. रकाने मोजून घ्यायची, हद्द तपासायची सोय केली; फाइल आता आधी थोड्यांकडे, मग टप्प्याटप्प्याने पुढे जाते, आणि ती कधी घ्यायची हे ग्राहकाला ठरवता येतं. हे सगळं फेब्रुवारीतही करता आलं असतं. मायक्रोसॉफ्टने नंतर विंडोजमध्ये अशी सोय आणली की बूट न होणारं यंत्र दुरुस्तीच्या अवस्थेतच नेटवर्कवरून उपाय उतरवून घेईल. पण त्यालाही नेटवर्क लागतं, आणि पुरात ज्या तालुक्याचा टॉवरही बंद पडतो तिथे ते नसतं.

म्हणून चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या प्रत्येक तालुक्यासाठी माझी मागणी अगदी साधी आहे. बिटलॉकरच्या किल्ल्या कागदावर छापून तहसीलच्या तिजोरीत ठेवा, उपाय भरलेला पेनड्राइव्ह तिथेच ठेवा, आणि सेफ मोडमध्ये यंत्र उठवता येणारी, त्याच तालुक्यात राहणारी दोन माणसं पावसाळ्याआधी तयार करा. एक रजेवर असेल तर दुसरं हवं.