रोशाच्या तेलाचे अनामिक कारागीर

गुलाबाच्या अत्तराच्या कथा आपण कौतुकाने सांगतो. खानदेशातील रोशा गवताच्या तेलाची कथा मात्र आपल्याच मुलखातील असून विसरली गेली.

1880 च्या खानदेश गॅझेटियरमध्ये या धंद्याचे वर्णन आहे. तेल काढणारे मुसलमान होते. पावसाळा सरताना ते भिल्लांकडून गवत विकत घेत आणि लाकूड व पाणी मुबलक असलेल्या ओढ्याकाठी भट्टी लावीत. हंड्यात पाणी आणि चिरलेले गवत भरून झाकण कणकेने लिंपीत. झाकणातून निघणारी बांबूची नळी वाहत्या पाण्यात बसवलेल्या दुसऱ्या हंड्यात सोडीत. तिथे वाफ निवे, आणि पाण्यावर आलेले तेल अलगद काढून घेत. हे तेल बैलांच्या पाठीवरून कोंडाईबारी घाटाने सुरतेस आणि धुळे-मनमाडमार्गे मुंबईस जाई.

मुंबईहून ते तांबड्या समुद्राच्या वाटेने इस्तंबूलला पोचे. पुढे उस्मानी साम्राज्यातील बल्गेरियात गुलाबाच्या महागड्या अत्तरात त्याची भेसळ होई. ही भेसळ खपत कशी असे? उत्तर रसायनशास्त्रात आहे. 1871 मध्ये याकोबसेन या जर्मन शास्त्रज्ञाने याच तेलातून एक सुगंधी अल्कोहोल वेगळे केले. युरोपच्या बाजारात रोशाच्या तेलाला 'जिरॅनियमचे तेल' म्हणत. म्हणून त्या द्रव्याचे नाव पडले जिरॅनिऑल. रोशाच्या चांगल्या तेलात ते तीन-चतुर्थांशाहून अधिक असते. सोबत जिरॅनिल ॲसिटेट आणि थोडे लिनॅलूल. गुलाबाच्या अत्तरातही सिट्रोनेलॉलच्या जोडीला जिरॅनिऑल असतेच. मग नाक फसले तर नवल काय!

भेसळीचे समर्थन आम्ही करीत नाही. ती व्यापाऱ्यांची करणी होती. आम्हाला सल वेगळाच आहे. गवत रोशाचे, नाव मात्र जिरॅनियमचे. शोधकर्त्याचे नाव ग्रंथात आले. आणि ज्यांच्या हातांनी ते तेल निघाले, ते कागदावर केवळ 'मुसलमान' आणि 'भिल्ल' एवढेच उरले.

उर्दू शाळेत ऊर्ध्वपातन शिकवताना आम्ही आता फळ्यावर काचेच्या चंबूशेजारी दोन हंडे आणि बांबूची नळीही काढतो. विज्ञान केवळ परदेशातून आले, असे आमच्या मुलांना वाटू नये. नंदुरबार-पिंपळनेरकडच्या वाचकांना विनंती: घरातील बुजुर्गांना विचारा. भट्टीवर राबलेल्या एखाद्या पणजोबांचे नाव कळले, तर ते लिहून ठेवा.